हृदयाचा वाटा

‘हृदय’ हा शब्द आम्ही सव्वीस वर्षे वर्गात शिकवला. कवितेत ते भरून येते, विदीर्ण होते, प्रसंगी पाषाणाचेही असते. पण त्यालाही भूक असते, हे आम्हाला महाविद्यालयाच्या जिन्याने शिकवले. दुसऱ्या मजल्यावर पोहोचता पोहोचता छातीवर दडपण येई, थांबलो की ओसरे. आम्ही त्याला पित्त म्हणत राहिलो.

पुढे अँजिओग्राफीच्या वेळी पडद्यावर आमच्याच हृद्‌रोहिण्या दिसल्या, पानगळीनंतरच्या फांद्यांसारख्या. एक फांदी मध्येच अरुंद झाली होती. आम्ही डॉक्टरांना विचारले, ‘मिनिटाला पाच लिटर रक्त ज्याच्यातून जाते, त्यालाच ते कमी कसे पडते?’

उत्तर असे, की कप्प्यांत भरलेले रक्त हृदयाचे स्वतःचे नसतेच. आतले अगदी पातळ अस्तर सोडले तर जाड स्नायूला त्यातून काही मिळत नाही. डावी जवनिका (नाटकातला पडदा नव्हे, हृदयाचा खालचा कप्पा) रक्त महारोहिणीत लोटते. तिच्या उगमाशी, झडपेच्या लगेच वर, दोन हृद्‌रोहिण्या फुटतात. त्यांतून हृदयाला आपला वाटा मिळतो; विश्रांत अवस्थेत साधारण विसावा हिस्सा.

तोही काम चालू असताना फारसा मिळत नाही. जवनिका आकुंचन पावते तेव्हा तिच्या स्नायूत शिरलेल्या वाहिन्या दाबल्या जातात. बहुतेक रक्त तिला पोहोचते ते ती सैलावल्यावर. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एका ठोक्याचे ०.८ सेकंद, त्यांतले सुमारे ०.५ सेकंद या सैलावण्याचे. जिना चढताना गरज वाढते आणि नेमका हाच अवकाश आक्रसतो. निरोगी रोहिणी रुंदावून ती तूट भरून काढते. आमची ती फांदी रुंदावू शकत नव्हती.

रोहिणी अरुंद होते ती भित्तिकेत साचणाऱ्या मेदाने, न घेतलेल्या रजांमुळे नव्हे, हे आम्ही जाणतो. रूपकांचा मोह आवरण्याचे वयही झाले आहे. तरीही स्टेंट बसवून घरी परतल्यावर एक गोष्ट बोचत राहिली. गेली कित्येक वर्षे आम्ही जे वाचले, ते उद्याच्या तासासाठी. पुस्तके हातांतून अखंड जात होती. आमच्या वाट्याला त्यांतले काय आले?

हल्ली संध्याकाळी आम्ही कविता वाचतो. हाती पेन्सिल नसते.