तीस नावांनंतरचं नाव

गावात पाय ठेवला तोच पारावरच्या आजोबांनी विचारलं, "घरकुलाची यादी आली का, बाई?" वही-पेन घेऊन येणारी पोरगी सर्व्हेवालीच असणार, हे समुद्रपूर तालुक्यात ठरलेलं. गावाचं नाव इथे देत नाही. तसा शब्द दिला आहे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पाला विषय घेतला, ग्रामसभेला कोण जातं? संशोधन पद्धती आम्हाला शिकायला नव्हती. सर म्हणाले, स्वतः वाच. वाचायला बसले तर गृहीतक, चल, नमुना, वैधता. 'चल' म्हणजे कुठे चल, हेच आधी कळेना. वय, शिक्षण, जमीन अशी माणसागणिक बदलणारी गोष्ट म्हणजे चल, हे उमगायला आठवडा गेला. 'वैधता' तर पाठच केली, अर्थ पुढे कधी तरी लागेल म्हणून.

दोन दिवसांत पारावर आणि चहाच्या टपरीवर ४० जण गाठले. "तुम्ही ग्रामसभेला जाता ना?" "जातो नं!" जवळजवळ सगळेच जात होते. ग्रामपंचायतीत प्रोसिडिंग बुक पाहिलं. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. गावात बाराशेच्या आसपास मतदार, म्हणजे १०० पुरे. सह्या शंभराच्या वर होत्या. माणसं म्हणतात तेच वही म्हणते! मी आलेखसुद्धा रंगवून टाकला.

संध्याकाळी बसची वाट पाहत होते. कापूस वेचून बाया परतत होत्या. त्यातल्या एका मावशीला सहज विचारलं. त्या हसल्याच. "वही तं घरीच येते सईले. आमी कायले जाऊ?"

वैधता म्हणजे काय, ते मला तिथे रस्त्यावर समजलं. मी हजेरी मोजत नव्हतेच, सह्या मोजत होते. आणि माझ्या चाळिसांत बाई एकही नव्हती. सकाळी अकराला पारावर भेटणार कोण? बाया शेतात, किलोवरची मजुरी सोडून माझ्यासाठी कोण थांबतं? वर प्रश्नातला तो 'ना'. उत्तर मीच तोंडात घालत होते.

१९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त उत्तरं जमवून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं सांगितलं होतं. पत्ते घेतले होते फोन आणि मोटारी असणाऱ्यांचे. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. त्यांचे फोनवाले, माझे पारावरचे.

रजनी कोठारींनी १९६३ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा 'लोकनीती' गट मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं उचलतो, असं वाचलं. मग आमच्या हिंगणघाट मतदारसंघाच्या यादीतली त्या गावाची पानं काढली. १२०० भागिले ४०, म्हणजे दर तिसावं नाव. सुरुवातीला चिठ्ठी टाकली, १७ निघाली. मग ४७, ७७, १०७. प्रश्नही बदलला: "मागची ग्रामसभा झाली त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

आता रात्री जेवणं आटोपल्यावर दादाला सोबत घेऊन जाते. १०७ क्रमांकाच्या बाई तीन खेपांत भेटल्या नाहीत. शेजारीण दर वेळी म्हणते, "मलेच विचार नं वो." पण तिचा क्रमांक १०८ आहे.