रेकॉर्डिंगमधून मुलीचा आवाज गेला कुठे?



भाषेच्या तासाला आदर्श वाचन, अनुवाचन आणि प्रकट वाचन या पायऱ्या आपण सगळेच घेतो. आधी आपण वाचतो, मग मुलं आपल्या मागून वाचतात, आणि मग एकेक जण उभं राहून वाचतो. या शेवटच्या पायरीवर काही मुलांची गाडी अडते. वाचता येत नाही म्हणून नव्हे, तर सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय म्हणून. अशा मुलांसाठी मी एक सोय ठेवली आहे. पाठाचं आदर्श वाचन रेकॉर्ड करून पालकांना पाठवते, आणि प्रत्येक वाक्यानंतर मागून म्हणता येईल एवढी जागा मोकळी सोडते. मूल घरी कानात इअरफोन घालून ते ऐकतं, मागून वाचतं, आणि वाचताना आपला आवाज रेकॉर्ड करून मला पाठवतं. बहुतेकांकडे त्यासाठी मोबाईल असतो.

चौथीतल्या एका मुलीच्या घरी मोबाईल दिवसभर वडिलांबरोबर बाहेर असतो. घरात आहे तो जुना लॅपटॉप, दुसऱ्याच्या हातून घेतलेला. त्यावर विंडोज फार रखडायचं म्हणून तिच्या भावाने लिनक्स मिंट टाकलेलं. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी, तेही मोफत. तिचं पहिलं रेकॉर्डिंग आलं, तर त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त माझा आवाज! तिचा एक शब्दही नाही. एका सहकाऱ्यांनी ऐकून लगेच निकाल दिला, "बाई, पोरीने तुमचीच फाईल परत पाठवलीय. शून्य द्या."

मुलीला विचारलं, तर ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, "बाई, मी सहा वेळा वाचलं." वर्गात जिच्या तोंडून शब्द निघत नाही, ती घरी सहा वेळा वाचते आणि वर लबाड ठरते, हे काही मला पटेना.

मी ते रेकॉर्डिंग माझ्या कॉम्प्युटरवर उघडून नीट ऐकलं. दोन गोष्टी लगेच लक्षात आल्या. एक, पाठाच्या मध्यावर 'टुंग' असा आवाज होता. कॉम्प्युटरवर काही सूचना आली की वाजतो ना, तो. माझ्या मूळ फाईलमध्ये तो नव्हता, म्हणजे फाईल नुसती परत पाठवलेली नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माझं वाचन संपल्यानंतर रेकॉर्डिंग आणखी दहाबारा सेकंद चालू होतं, आणि तिथे ऑडॅसिटीतली आवाजाची रेघ सरळ सपाट होती. पंख्याची घरघर नाही, भांड्यांचा आवाज नाही, कावळा नाही. राहत्या घरात एवढी शांतता कुठली? आणि खोली शांत असली तरी खऱ्या मायक्रोफोनमधून थोडी तरी खरखर येतेच. म्हणजे स्पीकरवर आवाज लावून तो माइकने पकडला असंही झालेलं नव्हतं. त्या रेकॉर्डिंगपर्यंत माइकचा आवाज पोचलाच नव्हता. कॉम्प्युटर स्वतःचंच बोलणं टिपून घेत होता.

हे कसं होतं ते थोडं सांगते, कारण शाळेच्या संगणक कक्षातही ही अडचण येते. लिनक्सवर आवाजाची ने-आण बरीच वर्षं पल्सऑडिओ नावाचा प्रोग्रॅम करत आला आहे. अलीकडे त्याची जागा पाइपवायरने घेतली आहे (फेडोरामध्ये 2021 पासून, उबुंटूमध्ये 2022 च्या 22.10 या आवृत्तीपासून). दोन्हींत एक सोय आहे. आवाज बाहेर जाण्याची जी जी वाट असते, तिच्या जोडीला एक 'मॉनिटर' असतो. बाहेर जे जातंय त्याची नक्कल तो आत आणून देतो. आपल्या वर्गाचा मॉनिटर कसा, कोण काय बोललं ते टिपून बाईंना दाखवतो, तसाच. कॉम्प्युटरवर वाजणारं एखादं भाषण जपून ठेवायचं असेल तर याचा फार उपयोग होतो. पण रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमने माइकऐवजी हा मॉनिटर धरला, की बोलणाऱ्याचा आवाज जातो आणि फक्त कॉम्प्युटरचा उरतो. त्यातून पल्सऑडिओची स्मरणशक्ती दांडगी. एखाद्या प्रोग्रॅमला एकदा जी वाट जोडून दिली, ती तो पुढच्या वेळीही तशीच जोडतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर वडील लॅपटॉप घेऊन आले, बरोबर मुलगी आणि भाऊ. "मॅडम, बिघडलाय का हा? दुरुस्तीला टाकू?" त्यांचा पहिला प्रश्न. म्हटलं, थांबा जरा, पैसे नका घालू. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' हा छोटा प्रोग्रॅम त्यात टाकून घेतला. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तो 'पॅव्हुकंट्रोल' या नावाने सापडतो. मग ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ते चालू असतानाच या प्रोग्रॅमचा 'रेकॉर्डिंग' हा भाग उघडला. चालू असतानाच उघडायचा हे लक्षात ठेवा. थांबवलं की तिथे काहीच दिसत नाही आणि माणूस उगाच शोधत बसतो. ऑडॅसिटीच्या नावापुढे लिहिलेलं होतं 'मॉनिटर ऑफ बिल्ट-इन ऑडिओ'. तिथे टिचकी मारून नुसतं 'बिल्ट-इन ऑडिओ' निवडलं. बस्स, एवढंच. भाऊ हळूच म्हणाला, मागच्या महिन्यात त्याने एका व्हिडिओतलं गाणं उतरवून घेतलं होतं. तेव्हाची जोडणी तशीच राहिली होती.

मुलीला म्हटलं, वाच आता. ती वडिलांकडे बघत राहिली. मग आम्ही तिघं बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो.

रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज आला. 'ळ' जरा जड होता, पण विरामचिन्हं बघून वाचलेलं होतं. तिच्या वाचनामागे माझाही आवाज बारीकसा येत होता, आणि हा प्रकार मात्र वेगळा. इअरफोनचा आवाज पूर्ण मोठा केलेला, आणि माइकचं 'बूस्ट' शेवटच्या खुणेपर्यंत चढवलेलं. कानातून सांडणारा आवाजही माइक पकडत होता. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' लिहून एंटर दाबलं की आवाजाच्या पट्ट्या दिसतात. एफ सहा दाबून आपलं साउंड कार्ड निवडायचं, एफ चार दाबलं की आत येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्या समोर येतात. काही यंत्रांत बूस्टची पट्टी एफ पाचवर सगळ्या पट्ट्यांबरोबर दिसते. ते बूस्ट खाली आणलं, इअरफोनचा आवाज निम्मा केला, आणि मी गायब झाले.

तुमच्याकडे असं झालं तर आधी दहा सेकंदांची एक चाचणी करा. कॉम्प्युटरवर काहीतरी वाजू द्या, रेकॉर्डिंग सुरू करा आणि माइकसमोर दोन टाळ्या वाजवा. मग ऐका. टाळ्या नाहीत, नुसतं वाजणारं आलंय, तर वर सांगितला तो मॉनिटरचा घोळ. टाळ्याही आल्या आणि वाजणारंही आलं, तर स्पीकर बंद करून, वायरवाले हेडफोन जोडून पुन्हा करा. आता वाजणारं गेलं तर ते हवेतून येत होतं. हेडफोन वापरा, संपलं. हेडफोन घालूनही येत असेल तर आवाज आणि बूस्ट कमी करून बघा. तरीही गेलं नाही तर गडबड यंत्राच्या आत किंवा वायरीत. काही साउंड कार्डांत अल्सामिक्सरमध्ये 'लूपबॅक मिक्सिंग' असं एक बटण असतं, ते बंद हवं. काहींत आत येण्याच्या वाटांमध्ये 'मिक्स' अशी एक वाट असते, ती सोडून 'माइक' निवडायचं. हे सगळं ठीक असेल तर वायर बदलून बघा. हेडफोन आणि माइकची एकच पिन असलेल्या स्वस्त हेडसेटमध्ये, किंवा एका पिनीच्या दोन करणाऱ्या जोडवायरीत, एकाचा आवाज दुसऱ्यात झिरपतो. तिथे सेटिंगशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही.

ऑडॅसिटीची आणखी एक खोड सांगून ठेवते. त्यात माझी फाईल उघडून खाली मुलाने रेकॉर्डिंग सुरू केलं, की वरची फाईल आपोआप वाजायला लागते. ती सोय गाणाऱ्यांसाठी आहे. पण सगळं एकत्र जतन केलं की दोन्ही आवाज एकाच फाईलमध्ये येतात, आणि माइक बिघडला असं वाटतं. जतन करण्याआधी वरची पट्टी काढून टाकावी.

सहकाऱ्यांना मी टाळ्यांची चाचणी त्यांच्याच कॉम्प्युटरवर करून दाखवली. शून्याचा विषय तिथेच मिटला. आता मुलांकडून पहिलं रेकॉर्डिंग मागवताना मी पाठ मागवतच नाही. स्वतःचं नाव सांगायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, एवढंच पाठवायचं. ते नीट आलं की मगच वाचन.

ती मुलगी वर्गात अजून उभी राहून वाचत नाही. रेकॉर्डिंग मात्र दर आठवड्याला येतं. परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाचताना मागून आई म्हणाली, "अगं, पाणी आलं, बादली लाव!" आणि ही ठसक्यात, "थांब ना, माझं वाचन चाललंय!" तेवढा भाग मी कापला नाही.