पांढरी टिकली

मैत्रिणींनो, कपाळावर टिकली नसताना कुणी तुम्हाला विचारलं, "बाई, आज पांढरी टिकली लावलीत?" तर तुमचं काय होईल? माझ्या पोटात अगदी धस्स झालं. पाचवीतली ती मुलगी सहज विचारत होती. त्या दिवशी शाळेच्या घाईत टिकली लावायची राहिली होती. मधल्या सुट्टीत आरशात पाहिलं, तर भुवयांच्या मधोमध टिकलीएवढा गोल, पांढरट डाग!

खरं तर तिथं खाज सहा महिन्यांपासून येत होती. पण आपण आरशात बघतो ते टिकली लावण्यापुरतं! मी सगळा दोष साबणाला दिला. तीन साबण बदलले. कुणी सांगितलं म्हणून डाळीच्या पिठात लिंबू पिळून लावलं, तर नुसती आग झाली. औषधाच्या दुकानात विचारून मलम आणलं. लावलं की बरं, सोडलं की पुन्हा खाज. टिकली मात्र चालूच. उलट लाली झाकायला आणखी मोठी!

त्या रात्री झोप लागली नाही. कोड तर नसेल? कोड संसर्गानं पसरत नाही, हे मी वर्गात मुलांना सांगते. पण घरात नणंदेचं लग्न ठरायचं होतं. लोकांची तोंडं कोण धरणार?

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी डाग पाहताच विचारलं, "टिकली कुठली लावता?" मी बघतच राहिले. काही टिकल्यांच्या मागच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल या जातीची रसायनं असतात. काहींना त्यांनी खाज येते, पुरळ उठतं, आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशीही मरतात. खात्रीसाठी माझी पॅच टेस्ट केली. संशयित पदार्थ छोट्या चकत्यांतून पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढून बघतात, एकदोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. डिंकातल्या रसायनाच्या जागीच माझी पाठ लाल झाली. साबण बिचारा निर्दोष!

यातून शिकले ते सांगते. खाज सुटली की एकामागून एक वस्तू बदलत बसू नका. त्या जागेला लागणारं सगळं बंद करा. टिकली, पावडर, क्रीम, केसांचं तेलसुद्धा. त्वचा शांत झाली की एकेक वस्तू परत सुरू करा आणि तारीख वहीत टिपून ठेवा. नवं क्रीम आधी आठवडाभर, दिवसातून दोनदा, कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. साबण मात्र असा लावून ठेवू नये. तो धुवून टाकायचाच. 'नैसर्गिक' म्हटलं की निर्धास्त होऊ नका, लिंबानंही त्वचा पोळते. आणि विचारल्याशिवाय स्टेरॉइडचं मलम चेहऱ्याला नकोच. त्यानं त्वचा पातळ होते. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठा.

घरी आले ती सासूबाईंना कसं सांगायचं, या काळजीत. बिनटिकलीची सून त्यांना चालेल? त्यांनी माझं कपाळ उजेडात नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, आधी कपाळ सांभाळ. कपाळ राहिलं तर कुंकू!" त्यांच्या डब्यातलं कुंकूही त्यांनी लगेच लावू दिलं नाही, "तेसुद्धा डॉक्टरांना विचारून," म्हणाल्या.

माझा डाग आता निम्मा भरलाय. पूर्ण भरेलच, अशी हमी डॉक्टरांनी दिलेली नाही. पहिल्या खाजेलाच टिकली काढली असती तर? म्हणून म्हणते, आज रात्री झोपताना टिकली काढा आणि दिव्याखाली कपाळ एकदा निरखून बघा. दोन मिनिटांचंच काम आहे.