बांगड्याशेजारची अंडी

मंडळी, २०२० मध्ये वर्क फ्रॉम होमच्या कृपेने पुण्याहून मालवणला घरी आलो आणि रिकामपणाचा उद्योग म्हणून एक काचेची टाकी मांडली. त्यात एक मिस्टरी स्नेल सोडली. सुपारीएवढी पिवळी गोगलगाय, मूळची दक्षिण अमेरिकेतली. काचेवरचं शेवाळ खाईल, एवढीच अपेक्षा!

पहिला बग दोन महिन्यांत आला. शंखाच्या टोकाला पांढरे खड्डे पडायला लागले. कारण निघालं आमची विहीर. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात चुना फारच कमी, त्यात पाणी किंचित आंबट, म्हणजे शंख हळूहळू विरघळणारच. उपाय सापडला चिवल्याच्या किनाऱ्यावर... समुद्रफेस! माकुलाच्या पाठीतलं ते पांढरं, हलकं हाड. गोड्या पाण्यात भिजवून खारटपणा काढला आणि तुकडा टाकीत टाकला. जुने खड्डे काही भरले नाहीत, पण तोंडाकडून वाढलेला नवा शंख मस्त गुळगुळीत आला.

मग एका सकाळी बघतो तर पाण्याच्या वर, कोरड्या काचेला तुतीसारखा गुलाबी घोस! पाण्यात ही अंडी गुदमरून मरतात, म्हणून मादी रात्री वर चढते. 'एकटीला अंडी कशी?' म्हणाल. नर-मादी वेगळे असतात खरे, पण मादी नराचं बीज महिनोन्महिने जपून ठेवू शकते. म्हणजे बाईसाहेब दुकानातूनच तयारीनिशी आल्या होत्या :-)

तीन आठवड्यांनी मोहरीएवढी पिल्लं पाण्यात टपाटप पडली. साठपर्यंत मोजली, मग नाद सोडला. आईने विचारलं, "एवढी मरमर करतंस, खाऊक तरी येतत काय?" बाबा म्हणाले, "व्हाळात सोड मगे. पाण्यातलो जीव पाण्यात."

खरं सांगतो, बादली भरून व्हाळापर्यंत गेलोही होतो. तिथून खालचे भाताचे मळे दिसले आणि पाय थबकले. हिचीच चुलत बहीण, गोल्डन अॅपल स्नेल, १९८० च्या सुमारास खायला म्हणून तैवानला नेली; तिथून ती फिलिपिन्समध्ये पोचली आणि भाताची कोवळी रोपं फस्त करायला लागली. माझी जात भाताला तेवढी खादाड नाही म्हणतात. पण दुकानदाराने नक्की कुठली जात दिली हे मी कोणाच्या मळ्याच्या जिवावर तपासून बघणार? व्हाळात सोडलेल्या गोष्टीला रोलबॅक नसतो.

बादली परत आणली. थोडी पिल्लं टाकीवाल्या मित्रांना दिली, तीही अट घालून. आता नवा घोस दिसला की त्याच दिवशी खरवडतो आणि दोन दिवस फ्रीझरमध्ये, आईच्या बांगड्याशेजारी. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण पाळायची हौस माझी, तर हे कामही माझंच.

असो. आई फ्रीझर उघडतेय, पळतो!