दहा काठ्यांची मोळी

टॅरोवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण त्यातलं एक चित्र मात्र डोक्यातून जात नाही. 'टेन ऑफ वाँड्स'. एक माणूस दहा लांब काठ्या कवटाळून, वाकून चाललाय. तोंड काठ्यांतच खुपसलेलं. गाव समोरच आहे, पण त्याला दिसणार कसं?

गंमत म्हणजे काठ्यांचा हा रंग अग्नीचा, इच्छाशक्तीचा मानतात. एक्क्यावर ढगातून आलेला हात आणि पालवी फुटलेली एकच काठी. दश्शीपर्यंत त्याच जिद्दीचं ओझं झालेलं! मला तरी वाटतं, यातली एकेक काठी त्याने हौसेनेच उचलली असणार. आर्थर वेटनेही या पत्त्याच्या अर्थात 'यशाचाच जाच' धरलाय.

वेटच्या सांगण्यावरून १९०९ मध्ये हे ७८ पत्ते पामेला कोलमन स्मिथने काढले. काम प्रचंड, पैसे मात्र फारच थोडे, असं तिने त्याच वर्षी एका पत्रात लिहिलं. १९५१ मध्ये ती गेली, तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. तिची चित्रं आजही जगभर विकली जातात.

आपण 'जिद्द' म्हणजे सोडायचं नाही, एवढंच शिकतो. प्रत्येक नव्या कामाला 'हो, करतो की!' पण आपल्याकडे रानातून सरपण आणणाऱ्या बायका बघा. ओझं तेवढंच, पण मोळी दोरीने बांधून डोक्यावर घेतलेली आणि नजर वाटेवर. बांधताना जास्तीचं लाकूड तिथंच राहतं.

आपण सोमवारी ऑफिसात शिरण्याआधी एवढं केलं तरी पुष्कळ. नाही का?