आधी पाऊल, मग बूट

गेल्या वर्षी ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने जुन्या गोव्याला चालत निघालो. धर्मशिक्षण वर्गातल्या एका मुलाला आम्ही प्रेमाने बूट दिले. माप मात्र विचारले नाही. घाट उतरताना बोटे पुढे आपटून त्याची नखे काळी पडली. भिडेपोटी तो गप्प राहिला.

यंदा त्यालाच दुकानात नेले, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतात. जाड मोजे घालून पाहिले: पुढे बोटभर जागा, टाच न सरकणारी. पंधरा दिवस आधीपासून ते बूट त्याने रोज वापरले.

अनुवादाच्या ८ व्या अध्यायात आपण वाचतो, अरण्यातल्या चाळीस वर्षांत इस्राएलांचे पाय सुजले नाहीत. देवाला प्रत्येक पाऊल ठाऊक असते. आम्हाला विचारावे लागते.

प्रभो, देण्याआधी विचारायला आम्हाला शिकव. आमेन.