नाव, पत्ता, मोबाइल नंबर... आणि टीबी

मॉलमध्ये टी-शर्ट घेतला की काउंटरवरचा मुलगा मोबाइल नंबर विचारतो. आपण देतो. जिमच्या फ्री ट्रायलसाठी देतो, पिझ्झ्यावरच्या दहा टक्क्यांसाठी तर जन्मतारखेसकट देतो. आपल्या पिढीला फॉर्म भरायचं काही म्हणजे काही वाटत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी माझ्या रूममेटनं एका फॉर्मवर नाव टाकायला ठाम नकार दिला, तेव्हा मी चक्रावलेच.

तिचं नाव इथे लिहीत नाही. का, ते कळेलच. बाणेरचा टू बीएचके, आम्ही तिघी. ही हिंजवडीत आयटीवाली, दुसरी बँकेत आणि तिसरी मी, म्हणजे चेक कधी येणार या काळजीत असलेली फ्रीलान्सर.

हिला तीन आठवडे खोकला होता. आधी एसीचा त्रास, मग मेट्रोच्या कामाची धूळ, मग ‘वातावरणच खराब आहे गं’. संध्याकाळी अंग गरम लागायचं. वजन उतरलं, तर ऑफिसमधल्या मुली म्हणे डाएट विचारायला लागल्या! शेवटी आम्ही दोघींनी तिला जवळजवळ ओढतच छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे झाला, थुंकी तपासायला गेली. सीबीनॅट नावाच्या मशीनवर ही टेस्ट दोनेक तासांत होते, आणि नेहमीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही त्यातच कळतं. रिपोर्ट आला. फुप्फुसाचा टीबी, औषधं लागू पडणारा. सहा महिने गोळ्या.

हे तिनं शांतपणे ऐकलं. रडली नाही, काही नाही. मग डॉक्टरांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि पत्ता विचारला.

‘‘हे कुठे भरताय, डॉक्टर?’’

‘‘निक्षयवर. सरकारी पोर्टल आहे. टीबीचा प्रत्येक पेशंट नोंदवावा लागतो.’’

‘‘पण मी तुमच्याकडे पैसे भरून ट्रीटमेंट घेतेय ना? मग सरकारला कशाला सांगायचं? निदान नाव तरी दुसरं टाका.’’

‘‘टाकतो की. मग गोळ्याही त्या दुसरीलाच देऊ का?’’

ती हसली नाही. मग डॉक्टर जरा नरमले. ‘‘हे बघ, नोंद तर मी करणारच. पण फोन कुठल्या नंबरवर यावा, किती वाजता यावा, ते तू सांग.’’

घरी येताना स्कूटरवर मागे बसून ती एकेक भीती सांगत होती. घरमालक काका खालच्याच मजल्यावर राहतात, त्यांना कळलं तर? एचआरला कळलं तर? आणि सगळ्यात मोठी भीती, आईनं स्थळं बघायला सुरुवात केलीय. मुलीला टीबी होता म्हटल्यावर पत्रिका तरी कोण मागेल? बरं, यातलं काहीच मला हसण्यावारी नेता येईना. २०२० साली याच शहरात लोकांच्या दारांवर कोविडची पोस्टरं लागली होती. शेजारी लिफ्टमधून बाहेर पडायचे. खास आदेश असल्याशिवाय अशी पोस्टरं लावू नका, हे सांगायला त्याच डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाला मध्ये पडावं लागलं.

खरं तर पुणेकरांची ही भीती त्याहून जुनी आहे. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पेशंट ओळखला आणि अधिकाऱ्यांना कळवलं. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग पोचला तेव्हा पेशंट शोधायला गोरे सोल्जर घरात शिरले, सामानसुमान बाहेर पडलं. लोक आजारी माणसाला लपवायला लागले. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलोच. पण त्या गोष्टीत पेशंटची नोंद म्हणजे घरावर धाड, असं एक समीकरणही होतं, ते कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या बाणेरच्या फ्लॅटपासून तो रस्ता काही फार लांब नाही.

मास कम्युनिकेशन केलेल्या माणसाला असं काही दिसलं की गप्प बसवत नाही. मी खोदायला घेतलं.

टीबीची नोंद सक्तीची झाली मे २०१२मध्ये आणि त्याच वर्षी निक्षय आलं. त्याआधी सरकारी दवाखान्यांत कागदी रजिस्टरं आणि तिमाही रिपोर्ट असायचे. खाजगी डॉक्टरांकडे जाणारे हजारो पेशंट त्या हिशेबात यायचेच नाहीत. मार्च २०१८च्या राजपत्रानं डॉक्टरांबरोबर लॅब आणि केमिस्ट यांनाही यात ओढलं, आणि नोंद न करणाऱ्यासाठी तेव्हाच्या दंड विधानातली कलमं २६९ आणि २७० दाखवली. थोडक्यात जेल. गाजरही होतंच: नोंद केली की खाजगी डॉक्टरला पाचशे रुपये, उपचाराचा शेवट काय झाला ते कळवलं की आणखी पाचशे. २०२३मध्ये देशभरात साडेपंचवीस लाखांच्या आसपास नोंदी झाल्या, त्यातल्या साधारण एक तृतीयांश खाजगीतून. अंदाज मात्र अठ्ठावीस लाख पेशंटचा होता. म्हणजे अडीच लाख माणसं कुठेतरी खोकत होती आणि स्क्रीनवर नव्हती.

बाकीच्या साथींसाठी वेगळं पोर्टल आहे. तिथे आशाताई किंवा एएनएम संशयित पेशंटचा ‘एस’ फॉर्म भरतात, डॉक्टर ‘पी’, लॅब ‘एल’. २००४पासून हे काम आठवड्याच्या रिपोर्टवर चालायचं. म्हणजे सोमवारी एखाद्या वस्तीत जुलाब सुरू झाले, तरी वरच्या ऑफिसात नुसता आकडा पोचायचा आणि तोही आठवडा संपल्यावर. एप्रिल २०२१पासून देशभर नवी सिस्टीम आली, तीत एकेका पेशंटची नोंद रोजच्या रोज, जागेसकट होते. अठराच्या जागी तेहतीस आजार. एकाच गल्लीत चार ठिपके दिसले की कुणीतरी जाऊन पाण्याची लाइन बघायची, ही कल्पना. कागदावर झकास आहे. पण पहिला ठिपका टाकायला ओपीडीत चाळीस पेशंट बसलेले असताना कुणीतरी पाच मिनिटं काढावी लागतात, हे मला त्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये दिसलं होतं.

असो. चार दिवसांनी तिच्या फोनवर एक अनोळखी नंबर आला. महापालिकेचे टीबी हेल्थ व्हिजिटर. तिचा चेहरा पांढराफटक. पण पलीकडच्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘ताई, आत्ता बोलता येईल का? आजूबाजूला कुणी आहे?’’

घरी नको म्हटल्यावर त्यांनी हट्ट केला नाही. बालेवाडीला चहाच्या टपरीवर भेटले. साधा चेक्सचा शर्ट, खांद्याला सॅक, दिसायला अगदी कुरिअरवाले दादा. गोळ्या रिकाम्या पोटी घेतेस की कसं, उलटी होते का, लघवी नारिंगी झाली तर घाबरू नको, सगळं अगदी मोकळेपणानं. मग बँक खात्याचा नंबर मागितला. पोषण आहारासाठी महिन्याला हजार रुपये येतात. २०१८मध्ये पाचशे होते, नोव्हेंबर २०२४पासून हजार झाले.

‘‘हजार? माझी दोन दिवसांची कॅब होते,’’ ती म्हणाली.

‘‘तुमची होत असेल ताई,’’ दादा म्हणाले. ‘‘याआधी ज्यांच्याकडे गेलो होतो ना, त्यांची महिन्याची अंडी होतात.’’

ती गप्प. मीही.

मग ते माझ्याकडे वळले. ‘‘घरात आणखी कोण कोण?’’

या प्रश्नासाठी आम्ही तयार नव्हतो. आम्हाला वाटलं होतं, नोंद म्हणजे तिची नोंद. पण पेशंट कळला की त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना तपासायचं, हाच तर त्यातला मुख्य भाग. खाजगी डॉक्टर त्यासाठी घरोघर फिरणार नाहीत. नोंद झाली तरच हा माणूस येतो. मी आणि बँकवाली एका शनिवारी एक्स-रे काढून आलो. तिला ना खोकला, ना ताप. कडेकडेनं ‘माझा वीकेंड गेला’ म्हणून कुरकुर चालली होती.

माझा एक्स-रे स्वच्छ होता. तिच्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग होता. थुंकीची टेस्ट पॉझिटिव्ह.

पुढच्याच आठवड्यात ती नगरला बहिणीकडे बारशाला जाणार होती. बाळ बारा दिवसांचं. तिकीट काढलेलं होतं, पाळण्याचं खेळणं बॅगेत भरून ठेवलेलं होतं. त्या रात्री तिनं बॅग उघडून खेळणं बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसली. हिनं, म्हणजे पहिलीनं, तिच्यासाठी खिचडी टाकली. दोघींच्यात त्यावर एक शब्द झाला नाही.

दुसरीनं डॉक्टरांकडे गेल्यावर फॉर्मबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. मोबाइल नंबर मात्र दोनदा तपासून घेतला, एखादा आकडा चुकायला नको म्हणून. मला औषधं देण्याआधी आणखी तपासणी झाली आणि प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या, त्याही निक्षयवर नोंदल्या गेल्या. म्हणजे एका फ्लॅटमधून तीन नावं. घरमालक काकांना अजून काही माहीत नाही. एचआरलाही तिकडून काही कळलं नाही. रजेच्या अर्जात तिनं स्वतःच्या हातानं जेवढं लिहिलं तेवढंच. आईला मात्र तिनं दिवाळीत सांगितलं. आई रडली, मग गावाकडच्या तुपाचा डबा पाठवला. स्थळांचं काय, ते आईनं अजून ठरवलेलं नाही.

पहिलीचे सहा महिने संपले तेव्हा दवाखान्यातून फोन आला, शेवटची थुंकी तपासायला या, रिझल्ट भरल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. ती एकटीच गेली, हाफ डे टाकून. संध्याकाळी घरी आली तर फोन माझ्यापुढे धरला. ‘बरा’ की ‘पूर्ण’, कुठला शब्द येतो ते तिला बघायचं होतं म्हणे. दुसरीच्या गोळ्या अजून पाच आठवडे आहेत. नगरचं खेळणं कुरिअरनं गेलं.